एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, डिलन हार्परला सॅन अँटोनियोने दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. तो गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, पण तिथे फॉक्स आणि कॅसल हे दोन गार्ड आधीच आहेत. मग या मुलाचं पुढे काय होणार? (हे मी ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याचा पहिला हंगाम सुरू व्हायच्या आधी लिहितोय.)

उत्तर आधीच सांगून टाकतो: हार्पर चालणार. पहिल्या वर्षाचे आकडे बघून तुमचा हिरमोड होऊ शकतो, पण तिसऱ्या वर्षापर्यंत संघाचा सर्वात मोठा खेळाडू वेम्बन्यामा याच्या खालोखाल त्या संघात त्याचंच नाव घेतलं जाईल असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला गार्डांच्या गर्दीची काळजी आहे. मला तिची तेवढी नाही. मला काळजी आहे ती त्याच्या लांबून होणाऱ्या नेमबाजीची, आणि चेंडू हातात नसताना तो काय करतो याची.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. रटगर्स विद्यापीठाचं पिस्कॅटवेचं कोर्ट घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. थंडीत मराठी मंडळाचा कार्यक्रम नसेल त्या शनिवारी मुलीला घेऊन तिथे जायचं हा आमच्याकडे बरीच वर्षं चाललेला नेम आहे. आठ हजार माणसांची जागा, पण छत आणि भिंती अशा तिरक्या की आवाज बाहेर जायलाच वाव नाही. हार्परचा थोरला भाऊ रॉन ज्युनियर याच कोर्टवर खेळायचा. डिसेंबर २०२१ मध्ये त्याने अर्ध्या कोर्टाच्या आसपासून शेवटच्या क्षणी चेंडू भिरकावला आणि देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या पर्ड्यू विद्यापीठाला ७०-६८ असं हरवलं. त्यामुळे धाकटा येणार म्हटल्यावर इथल्या लोकांनी त्याला घरचाच मानला होता. माझ्या बोलण्यात थोडा जिव्हाळा मिसळेल, तेवढा वजा करून वाचा.

२०२४-२५ चा कॉलेजचा हंगाम मात्र वाईट गेला. हार्पर आणि एस बेली, दोघंही पुढे पहिल्या पाचात निवडले गेले (बेलीला युटाने पाचव्या क्रमांकावर घेतलं), आणि तरी रटगर्सच्या नावावर १५ विजय आणि १७ पराभव. हार्परवर शंका घेणारे लोक हाच मुद्दा पुढे करतात: एवढा मोठा खेळाडू, मग संघ का जिंकला नाही? मी त्यातले बरेच सामने पाहिले. आजूबाजूला लांबून मारणारा भरवशाचा माणूस नसल्यामुळे प्रतिस्पर्धी तीन-तीन जण रिंगखाली दाटी करून उभे राहायचे. तशा भिंतीतून वाट काढून त्याने सरासरी १९.४ गुण मिळवले आणि ४८ टक्क्यांहून जास्त फटके पाडले. मधे आजारपण आणि घोट्याची दुखापत झाली, त्या दिवसांतला त्याचा खेळ बघवत नव्हता, पण पायात जोर आल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा खेळू लागला.

तो नेमकं काय चांगलं करतो, ते जरा नीट सांगतो, कारण माझा सगळा विश्वास त्यावरच आहे. तो वेगवान नाही. फॉक्स वेगवान आहे, चेंडू घेऊन सुटला की वारा. हार्पर दमाने खेळतो. डावखुरा, अनवाणी ६ फूट ४.५ इंच उंच, वजन जवळपास ९७ किलो, आणि दोन्ही हात पसरले की ६ फूट १०.५ इंच. चेंडू घेऊन तो बचाव करणाऱ्याच्या अंगाला अंग लावतो, खांद्याने त्याला आपल्या पाठीमागे अडकवून ठेवतो आणि मग थांबतो. कबड्डीत चांगला चढाईपटू समोरच्याचा पाय कधी उचलला जातो याची वाट बघतो ना, तसं. पाय उचलला गेला की हा दोन लांब पावलांत रिंगखाली. मधे आलेल्या उंच माणसाला धडकूनही त्याचा हात हलत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सीटन हॉल विद्यापीठाविरुद्ध बरोबरी असताना शेवटचा चेंडू त्याच्याकडे होता. अख्खं कोर्ट उभं राहिलेलं, आणि तो घड्याळातले सेकंद मोजत चेंडू आपटत उभा. मग तीन गुणांचा फटका, आणि खेळ संपला. तो फटका पडला याचं मला फार नाही, असे फटके कधी पडतात, कधी हुकतात. एकोणीसही न भरलेल्या त्या मुलाला घाई झाली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

रिंगपर्यंत स्वतःच्या बळावर पोचणं ही गार्डची सगळ्यात महाग गोष्ट. नेमबाजी शिकवता येते, बचावात कुठे उभं राहायचं तेही शिकवता येतं. ही कला बहुतेकांकडे असते किंवा नसते. हार्परकडे ती आहे.

आता गर्दीचं बघू. तुमची शंका रास्त आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये फॉक्सचा करार चार वर्षांनी वाढवला, २२.९ कोटी डॉलर देऊन. कॅसल २०२४ चा चौथ्या क्रमांकाचा खेळाडू आणि २०२४-२५ च्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित. पण मिनिटांचा हिशोब मांडून बघा. एका सामन्यात दोन गार्डांच्या जागांची मिळून ९६ मिनिटं असतात. फॉक्सला ३४-३५ द्या. कॅसलला गेल्या वर्षी सरासरी २७ च्या आसपास मिळाली, ती ३० करा. तरी तीसेक मिनिटं उरतात. गेल्या वर्षी ख्रिस पॉल सगळ्या ८२ सामन्यांत सुरुवातीच्या पाच खेळाडूंत उतरला आणि सरासरी २८ मिनिटं खेळला. तो २०२५ च्या उन्हाळ्यात क्लिपर्सकडे गेला. त्याची मिनिटं हार्परचीच आहेत. शिवाय तिघंही अंगापिंडाने असे आहेत, निदान कॅसल आणि हार्पर तरी, की त्यांना तिसऱ्या, म्हणजे गार्डांपलीकडच्या फॉरवर्डच्या जागेवर उतरवलं तरी बचाव कोसळत नाही.

तीन गार्डांचे दोन जुने प्रयोग या चर्चेत आठवायलाच हवेत. फिनिक्सने २०१४-१५ मध्ये ड्रागिच, ब्लेडसो आणि आयझेया थॉमस असे तिघं एकत्र ठेवले. फेब्रुवारी संपेपर्यंत ड्रागिच आणि थॉमस दोघंही दुसऱ्या संघांत गेले होते. उलट ओक्लाहोमा सिटीने २०१९-२० मध्ये ख्रिस पॉल, श्रोडर आणि दुसऱ्या वर्षातला शे गिल्जस-अलेक्झांडर यांना शेवटच्या मिनिटांत एकत्र खेळवलं आणि ती त्या हंगामातल्या सर्वात जबर जोडण्यांपैकी एक ठरली. फरक कशात होता? माझ्या मते दोन गोष्टींत. एक, ओक्लाहोमात कोण मोठा आणि कोण शिकणारा हे सगळ्यांना ठाऊक होतं. पॉल वडीलधारा, श्रोडर बाकावरून येणार हे त्याने मान्य केलेलं, आणि शे शिकत होता. फिनिक्समध्ये तिघंही जवळपास एकाच टप्प्यावर, तिघांनाही चेंडू हवा, तिघांनाही पुढचा करार दिसत होता. सॅन अँटोनियोत ऑगस्ट २०२५ मध्ये फॉक्स २७ वर्षांचा, कॅसल २० चा, हार्पर १९ चा. उतरंड आपोआप लागलेली आहे.

दुसरी गोष्ट मात्र सॅन अँटोनियोच्या विरुद्ध जाते. ओक्लाहोमाच्या त्या तिघांपैकी कुणालाही तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळं सोडण्याची सोय नव्हती. इथे उलटं आहे. कॅसलने गेल्या वर्षी तीन गुणांचे २८.५ टक्के फटके मारले, फॉक्स ३१ च्या आसपास, आणि हार्पर कॉलेजात ३३.३. असे तिघं एकत्र उतरले तर बचाव करणारे रेषेवरचा माणूस सोडून सरळ वेम्बन्यामाच्या गळ्यात पडतील. सात फुटांहून उंच असला म्हणून काय झालं, तीन माणसांतून चेंडू झेलायचा म्हणजे त्यालाही जड जाणार. रटगर्समध्ये हार्परने जी भिंत सोसली तीच भिंत तो नकळत वेम्बन्यामापुढे उभी करू शकतो. खरी मेख ही आहे.

म्हणून मी त्याचे फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फटके, बघतो. कॉलेजातल्या तीन गुणांच्या टक्केवारीवर फार विसंबू नये, तीसेक सामन्यांत फटके थोडे असतात आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. फ्री थ्रो रेषेवर कुणी अडवायला नसतं, तिथे हाताचं खरं वळण दिसतं. मार्केल फुल्ट्झ २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा कॉलेजात त्याने ४१ टक्के तीन गुणांचे फटके मारले होते आणि सगळे खुश होते. फ्री थ्रो मात्र ६५ टक्क्यांच्याही किंचित खाली. पुढे त्याची नेमबाजीच हरवली. (त्याला खांद्याजवळच्या नसांचा आजार असल्याचं २०१८ च्या अखेरीस निदान झालं, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल.) त्याच वर्षीच्या लॉन्झो बॉलचंही तसंच: तीन गुणांचे ४१ टक्के, फ्री थ्रो ६७, आणि मोठ्या लीगमध्ये त्याला फटक्याची ढबच बदलावी लागली. शे केंटकीत फ्री थ्रो ८० टक्क्यांच्या वर मारायचा. हार्पर बरोबर ७५ वर उभा आहे, म्हणजे अधेमधे. हात बिघडलेला नाही, पण घडलेलाही नाही. मला त्याच्या फटक्यात दोष दिसतो तो पायांत: स्वतः चेंडू आपटत आपटत थांबून मारला की तोल चांगला राहतो, दुसऱ्याने दिलेला चेंडू झेलून लगेच मारायचा असला की पाय उशिरा जागेवर येतात. आणि पहिली दोन वर्षं त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त हेच दुसऱ्या प्रकारचे फटके येणार आहेत.

इथे त्याच्या घराचा विचार मनात येतो. वडील रॉन हार्पर १९८६ चे आठव्या क्रमांकाचे खेळाडू. क्लीव्हलंडमध्ये पहिल्याच वर्षी सरासरी २२.९ गुण. गुडघा फाटला, तरी क्लिपर्सकडे पुन्हा वीसवर पोचले. मग १९९४ मध्ये शिकागोला गेले आणि पहिल्या हंगामात सरासरी सातच्याही खाली आली. आपल्या हातात चेंडू राहणार नाही हे त्यांनी स्वीकारलं, समोरच्या संघाच्या सर्वात भारी गार्डला जखडून ठेवायचं काम घेतलं, आणि शिकागोत तीन, लॉस एंजेलिसमध्ये दोन अशी पाच विजेतेपदं मिळवली. आई मारिया स्वतः प्रशिक्षक. डॉन बॉस्को प्रेप या शाळेत मुलगा खेळत असताना त्या तिथल्या प्रशिक्षक-वर्गात होत्या. मोठं नाव असलेल्या माणसाने लहान काम घेतलं तर काय होतं, हे या मुलाने पुस्तकात वाचलेलं नाही, घरात पाहिलंय. बाकावरून उतरायला सांगितलं म्हणून तो रुसून बसेल असं मला वाटत नाही. सॅन अँटोनियोत तर मानू जिनोबिलीने ऐन भरात बाकावरून उतरून २००७-०८ चा सर्वोत्तम सहावा खेळाडू होऊन दाखवलंय.

'ही निवड देऊन टाका आणि नामवंत केव्हिन ड्युरंटला आणा' असं जून २०२५ मध्ये म्हणणारे माझ्या ओळखीतही होते. मला ते तेव्हाही पटलं नाही. ३४ सामने जिंकलेला संघ ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत आठव्या जागेवरून उडी मारून दुसऱ्यावर येतो, असं वरचेवर घडत नाही. चार वर्षांचा स्वस्त करार, त्यातली शेवटची दोन वर्षं ठेवायची की नाही हे संघाच्या हातात, आणि वेम्बन्यामा तेव्हा २१ वर्षांचा. छत्तिशी गाठलेल्या माणसासाठी हे सोडायचं?

पहिल्या वर्षाबद्दल एवढंच म्हणेन की सरासरी गुण बघू नका. स्टीव्ह नॅश १९९६ मध्ये फिनिक्सला गेला तेव्हा त्याच्यापुढे केव्हिन जॉन्सन होता, डिसेंबरात जेसन किडही आला. नॅशची त्या वर्षीची सरासरी ३.३ गुण. तोच पुढे २००५ आणि २००६ चा सर्वोत्तम खेळाडू. हार्परला त्याच्यापेक्षा नक्कीच जास्त वाव मिळेल, माझा अंदाज ११ ते १३ गुणांचा आहे, पण तो आकडा ९ आला तरी माझं मत बदलणार नाही. झेलून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांत तो ३५ टक्क्यांच्या जवळ गेला तर मी खूश. ३० च्या खाली राहिला आणि दुसऱ्या वर्षीही तिथेच घुटमळला, तर मात्र तुमची शंका खरी ठरेल आणि तिघांपैकी एकाला जावं लागेल. जाणारा हार्पर नसेल, एवढं मी आज लिहून देतो.

पहिला सामना २२ ऑक्टोबर २०२५ ला डॅलसमध्ये, त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कूपर फ्लॅगच्या संघाशी. तुम्ही भारतात असाल तर २३ तारखेची सकाळ. सगळे फ्लॅगकडे बघत असतील. तुम्ही फॉक्सच्या हातात चेंडू असताना हार्पर कुठे उभा आहे ते बघा. कोपऱ्यात हात कमरेवर ठेवून उभा आहे, की आपल्यावरच्या माणसाची मान फिरल्याबरोबर रिंगकडे धावतोय. रटगर्समध्ये फेब्रुवारीपासून तो असा धावायला लागला होता. चेंडू त्याच्यापर्यंत दर वेळी पोचत नव्हता, पण तो धावत होता.