वह्या संदुकीत नको

"ताई, मी आर्वी तालुक्यातली. अद्भुतकथेची कादंबरी लिहितेय. नवरी काळ्या नदीपलीकडच्या राज्यात निघते. पलीकडे पाऊल पडलं की माहेरच्या माणसांची नावं विसरणार. पाठवणीचं प्रकरण किती तरी वेळा लिहिलं. सगळे रडतात, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. काय चुकतंय? अक्षय तृतीयेनंतर माझंही लग्न आहे. मग वह्या मायच्या संदुकीत ठेवून देईन."

पोरी, वह्या संदुकीत कशाला? कुणी नको म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही. तू आपली आपणच ठरवून मोकळी झालीस! तुझ्या नवरीनंही तेच केलंय. सगळं विसरणार हे ठाऊक असून ती काही वाचवायला धडपडत नाही, नुसती रडते. मग तिचं काय गेलं, हे वाचणाऱ्याला कळावं कसं?

वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, जुनं कुंडिनपूर. तिथली रुक्मिणी बघ. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचं कृष्णाला सात श्लोकांचं पत्र आहे. प्रेम कळवून ती थांबत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथून मला ने, म्हणजे माझ्या माणसांना मारावं लागणार नाही, इतकं नेमकं ती लिहिते. तिची पाठवणी होतच नाही. भाऊ रुक्मी येतो तो लढायला, आणि त्याच्या जिवासाठी ती कृष्णाचे पाय धरते. हरलेला रुक्मी पुन्हा कुंडिनपुरात जात नाही, भोजकटात राहतो. निघणारीच्या निर्णयाची किंमत मागच्यानं भरली, म्हणून हा निरोप कडू. पुढे त्याच रुक्मीची लेक रुक्मिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला वरते आणि बहिणीचं मन राखायला तो ते मान्य करतो. आशा लागते ती अशी, एका पिढीनंतर.

आता तुझं प्रकरण. नदीचा नियम आधीच्या प्रकरणात सांगून टाक. ऐन निरोपात सांगितलास तर वाचणारा नियम समजून घेत बसतो आणि माय नजरेआड होते. रडणारं एकच माणूस ठेव. बाकीचे बैल जुंपू देत, शिदोरी बांधू देत. ओटी भरताना नवरी पदराला गाठी मारते, एका नावाला एक. पण अट अशी घाल: ज्याच्या नावाची गाठ, ते माणूस मागे राहून नवरीला विसरणार. मायच्या नावाची गाठ मारायची की नाही? प्रकरण इथे उभं राहील. पलीकडच्या काठावर गाठ हाताला लागू दे. कुणाची ते आठवत नाही, तरी ती सोडत नाही. तिथेच थांब, आशेवर एक वाक्यही लिहू नकोस.

आणि तुझ्या वह्या रुखवतात मांड, शेवया-कुरड्यांच्या शेजारी, सगळ्यांना दिसतील अशा. होणाऱ्या नवऱ्याला याच आठवड्यात फोन कर: मी लिहिते, रात्री तासभर मला लागेल. विचारू नकोस, सांग. मांडवपरतणीला येशील तेव्हा वह्या सोबत आण, आणि जाताना परत घेऊन जा.