भास्कराचार्य 'ज्योतिषी' की 'खगोलशास्त्रज्ञ'?

प्रश्न असा आहे: एका जुन्या मराठी पुस्तकात भास्कराचार्यांचा उल्लेख 'थोर ज्योतिषी' असा आला आहे, ही लेखकाची चूक समजावी काय, आणि आज लिहिताना 'खगोलशास्त्रज्ञ' म्हणावे की 'ज्योतिर्विद'?

चूक मुळीच नाही. 'ज्योतिष' या शब्दाच्या मुळाशी 'ज्योतिस्', म्हणजे आकाशातील तेज, आहे, भविष्य नाही. लगधाच्या 'वेदांगज्योतिष' या प्राचीन ग्रंथात राशी नाहीत आणि जन्मपत्रिकाही नाही. पाच वर्षांचे युग, 366 दिवसांचे वर्ष, 27 नक्षत्रे आणि यज्ञाचा काळ ठरवण्याचे गणित एवढाच त्याचा व्याप आहे. पुढे वराहमिहिराच्या काळापर्यंत या शास्त्राचे गणित, संहिता आणि होरा असे तीन स्कंध, म्हणजे शाखा, मानले जाऊ लागले. पत्रिका पाहणे यांतील तिसऱ्या स्कंधात मोडते, आणि भास्कराचार्यांचा 1150 सालचा 'सिद्धान्तशिरोमणि' हा पहिल्या स्कंधातला ग्रंथ आहे. मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 मध्ये आपल्या इतिहासग्रंथाच्या नावात 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हे शब्द योजले, तेव्हाही हा व्यापक अर्थ जिवंत होता. भविष्याच्या आशेने तो ग्रंथ उघडणाऱ्याच्या पदरी बहुतांशी ग्रहगणित आणि ग्रंथांचा कालनिर्णयच पडतो.

म्हणजे शब्द तोच राहिला आणि अर्थ आक्रसला. याच शब्दाचे बोलण्यात झिजून 'जोशी' झाले. गावाला तिथी-वार-नक्षत्र सांगणारा तो जोशी, आणि मुहूर्त सांगता सांगता भविष्य सांगणाराही तोच. त्यामुळे दोन अर्थांमधली भिंत बोलीत कधी फारशी पक्की नव्हतीच. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या दरबारचा मुख्य ज्योतिषी होता आणि आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद त्या लेखात आहे. त्याचा काही भाग मराठीत आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये.

आता 'खगोल'. हा शब्द नवा नाही, पण त्याचा आजचा अर्थ मात्र नवा आहे. 'ख' म्हणजे आकाश. 'सिद्धान्तशिरोमणि'च्या गोलाध्यायात भास्कराचार्य बांबूच्या सरळ कांबींची वलये बांधून गोलयंत्र कसे करावे ते सांगतात. त्यात क्षितिज, याम्योत्तरवृत्त (डोक्यावरून जाणारे दक्षिणोत्तर वर्तुळ) वगैरे वलयांचा स्थिर पिंजरा म्हणजे 'खगोल', आणि त्याच्या आत फिरणारा, विषुववृत्त व क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातील वार्षिक मार्ग) धारण करणारा तो 'भगोल', कारण 'भ' म्हणजे नक्षत्र. तेव्हा 'खगोलशास्त्रज्ञ' ही उपाधी त्यांच्या कानी पडली असती, तर आपल्याला बाहेरच्या पिंजऱ्यापुरतेच का अडकवले, असा प्रश्न त्यांना नक्की पडला असता!

तरीही आजच्या लेखनात मी 'गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ' असेच लिहीन. आजच्या वाचकाला 'ज्योतिषी' म्हटले की पोपट, पत्रिका आणि ग्रहशांती आठवते, त्याला इलाज नाही. शिवाय दोन शब्द आता उघडपणे समोरासमोर उभे आहेत: पुण्याच्या 'आयुका' या खगोलसंशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली, तेव्हा चाचणी घेणारे खगोलशास्त्रज्ञ होते आणि चाचणी देणारे ज्योतिषी. नारळीकरांना कोणी 'ज्योतिषी' म्हटले असते तर तो विनोद ठरला असता. दीक्षितांच्या पिढीत तसे म्हणणे अगदीच वावगे वाटले नसते.

'ज्योतिर्विद' हा शब्द दिसायला भारदस्त असला, तरी तो आता पत्रिका पाहणाऱ्यांच्या पाट्यांवरही सर्रास असतो, त्यामुळे त्याने घोटाळा मिटत नाही. जुना उतारा उद्धृत करताना मात्र 'ज्योतिषी' तसाच ठेवावा आणि हवी तर कंसात 'ग्रहगणित जाणणारा' एवढी टीप द्यावी.