परत घालून बघितलंस का?

बाळ,

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा चिडूनच. प्लेटमध्ये वरून आयएल-२ (टी पेशींना वाढवणारं प्रथिन) घातलं की टी-रेग पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या इतर टी पेशींना आवरणाऱ्या पेशींचा, दाब सुटतो, म्हणून तू लिहितोस, ‘नियमन वगैरे काही नाही, या नुसत्या आयएल-२ खाणाऱ्या पेशी.’ अरे, खातात तर खातात! शेजारच्या टी पेशीला वाढायला तेच लागतं. अंगावरच्या सीडी२५ ने, म्हणजे आयएल-२ पकडणाऱ्या रेणूने, ते आधी गट्टम करणं हेही नियमनच. शिवाय सीटीएलए-४ या दुसऱ्या प्रथिनाने डेंड्रायटिक पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे टी पेशींना चेतवणारे रेणू ओरबाडून नेणं आहे, दाह शमवणारं आयएल-१० आहे. चार दिवसांच्या प्लेटमध्ये सगळं थोडंच दिसणार! उंदरात बघ.

तिथेही अर्धवट नको. सीडी२५वाल्या पेशी तू काढल्या आहेस, आणि उंदीर आजारी पडला. ठीक. पण नुकत्याच चेतलेल्या कुठल्याही टी पेशीवर सीडी२५ येतो. मग तू नक्की काय काढलंस? परत घालून बघितलंस का? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही.

१९६९ साली निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदराच्या तीन दिवसांच्या पिल्लांचा थायमस, म्हणजे टी पेशी जिथे घडतात ती ग्रंथी, काढला, तर माद्यांचे अंडाशय नासले. सातव्या दिवशी काढला, तर काहीच नाही. पुढे शिमॉन साकागुचींनी अशा पिल्लांना निरोगी उंदराच्या टी पेशी दिल्या आणि रोग टळला. परत घातलं, कळलं? १९९५ मध्ये त्यांनी या आवरणाऱ्या पेशींवरची सीडी२५ ची खूण दाखवली, २०२५ मध्ये नोबेल मिळालं. १९९५ च्या आधीची वर्षं काय होती, ते आम्हाला विचार. ‘सप्रेसर’, म्हणजे दडपणाऱ्या, टी पेशींशी जोडलेला आय-जे नावाचा जनुक असायला हवा त्या जागी सापडलाच नाही, आणि ‘सप्रेसर’ हा शब्दच बदनाम झाला. हसणाऱ्यांत मीही होतो.

त्याच काळात थायमस नसलेल्या उंदरांना मी निवडक टी पेशी दिल्या होत्या. काही आठवड्यांनी पाठी वाकल्या, केस विस्कटले, वजन उतरलं. मी म्हटलं संसर्ग, आणि पिंजरा रिकामा केला. शेजारच्या पिंजऱ्यात, सगळ्या टी पेशी दिलेले उंदीर मजेत दाणे फोडत होते. संसर्ग काय एक पिंजरा ओलांडत नाही? हा प्रश्न मला सुचला नाही. ‘दडपणाऱ्या पेशी’ असं म्हणायची तेव्हा सोय नव्हती, हे खरं. पण वगळलेल्या पेशी परत घालायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही.

तेव्हा परत घाल. सीडी४ या टी पेशींच्या गटात टी-रेग जेमतेम पाच ते दहा टक्के, एका उंदराच्या प्लीहेत भागणार नाही. तीन-चार एकत्र कर. दुसऱ्या गटाला तेवढ्याच, पण सीडी२५ नसलेल्या पेशी दे. वजन रोज, एकाच वेळी.

आणि एखादा पिंजरा आजारी दिसला, तर रिकामा करण्याआधी मला फोन कर. रात्री केलास तरी चालेल.