हात काढून घेण्याविषयी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

निफाडच्या त्या द्राक्ष बागायतदार काकांविषयी तू लिहिलेस. मान धरली म्हणून ते तुझ्याकडे फिजिओथेरपीला आले, तुझ्या हाताखाली त्यांना झोप लागली आणि आता दर आठवड्याला येऊन, ‘मॅडम, गोळ्या नकोत, तुमच्या हातानेच बरे वाटते,’ असे म्हणतात. यावर सुखावावे की घाबरावे हे तुला कळेना. माझ्या मते घाबरावेस.

हातांत काही नाही म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. चिंतेने ग्रासलेल्या माणसाची मान हातात घेतली की तो डोक्याचे वजन आपल्या तळव्यावर सोडतच नाही, स्वतःच उचलून धरतो. श्वास पोटापर्यंत न जाता गळ्यापाशी घुटमळतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर खांदे कानांकडे चढतात. अशा वेळी हात उबदार हवा आणि संथ हवा, कारण केसाळ त्वचेतील काही बारीक मज्जातंतूंना सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर वेगाने फिरणारा हलका स्पर्शच सर्वाधिक जाणवतो. २००४ मध्ये मॉयर आणि सहकाऱ्यांनी मसाजवरचे ३७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्याचे सर्वांत मोठे परिणाम सतत चिंता करण्याचा मूळ स्वभाव आणि नैराश्य यांवर दिसले होते.

मात्र स्नायूंत साठलेली चिंता बोटांनी मोकळी करून देण्याच्या कार्यशाळेची जी जाहिरात तू पाठवलीस, तिच्यात २०१० चा अभ्यास सापडणार नाही. त्यात सार्वत्रिक चिंताविकाराच्या, म्हणजे सगळ्याच गोष्टींची सतत चिंता लागून राहण्याच्या आजाराच्या, ६८ रुग्णांपैकी काहींना मसाज दिला, काहींना उबदार कापडांत गुंडाळून ठेवले, तर काहींना शांत खोलीत संगीत ऐकत नुसते पडून राहू दिले. तिन्ही गट सुधारले, सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती आणि मसाज कोणापेक्षाही सरस ठरला नाही. उपचार न घेणारा गटच नसल्यामुळे नुसत्या काळाचा वाटा किती, हेही त्यातून कळत नाही. तिघांनाही मिळाली ती ठरलेली वेळ, शांतता आणि आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीव. म्हणून सांगते, रुग्णाला आपल्या हाताची गरज उरता कामा नये. तुझ्या हाताखाली जे सैल पडले, ते त्याला घरी, रात्री तीन वाजता, एकट्याने सैल करता आले पाहिजे.

त्यासाठी लागणारे सारे तू शिकलेली आहेस. एडमंड जेकबसन यांची स्नायू क्रमाने आवळून सोडण्याची पद्धत काय फक्त परीक्षेपुरती होती? मिनिटाला सहाच्या आसपास येणारा संथ श्वास शिकव. घाईघाईने श्वास घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि गरगरते, ते रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे, हे त्यांना समजावून सांग. हृदयविकाराचा झटका आला या भीतीतून निम्मी माणसे तेवढ्यानेच बाहेर येतात, असा माझा अनुभव आहे. आणि एवढे करूनही द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस, डावणी रोगाची धास्ती आणि बँकेचा हप्ता तुझ्या किंवा माझ्या हाताने हटणार नाहीत, हे विसरू नकोस.

दहा-दहा बैठकांची पॅकेजे मी कधी विकली नाहीत. गंगापूर रोडला माझ्यामागून आलेल्यांनी दोन-दोन मजले घेतले, माझी मात्र तीच दोन खाटांची खोली राहिली. यावरून घरी बोलणी खाल्ली आणि मुलीच्या शिक्षणाच्या वेळी मी स्वतःही हळहळले. पण जुने रुग्ण भाजीबाजारात भेटतात तेव्हा व्यायाम चालू असल्याचे सांगतात, वेळ मागत नाहीत. याला अपयश म्हणायला मी आजही तयार नाही. ज्यांना म्हणायचे त्यांनी खुशाल म्हणावे.

दर वेळी विचारून हात लावावा, हे तुला सांगावे लागू नये. ‘गोळ्या नकोत’ हे वाक्य मात्र तू कौतुक म्हणून ऐकलेस, याचा मला राग आला. त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या आहेत का? चिंतेसारखीच लक्षणे दाखवणारा थायरॉइडचा बिघाड कोणी तपासला आहे का? गेल्या दोन आठवड्यांविषयीचे सात प्रश्न असलेली ती चिंतेची प्रश्नावली भरून घे. गुण दहा किंवा अधिक आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव. जगणे नकोसे झाले आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचार, विचारल्याने कोणाच्या मनात तसले काही नव्याने येत नाही. उत्तर होकारार्थी आले तर मानेचे राहू दे, त्यांना एकटे सोडू नकोस, घरच्यांना बोलावून घे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिथेच बसून लावून दे.

पुढच्या वेळी निम्मा वेळच त्यांना खाटेवर घे. उरलेला वेळ खुर्चीत बसवून त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवायला लाव, आणि त्यानंतरची भेट दोन आठवड्यांनी दे. ते कुरकुरतील, तुझे उत्पन्नही थोडे घटेल. त्यांच्या डॉक्टरांना द्यायचे पत्र ते येण्याआधीच लिहून ठेव आणि मराठीत लिही, म्हणजे त्यांनाही वाचता येईल. एक प्रत मला पाठव.

तुझी,
मॅडम