कापडी डायपरसाठी कोणता डिटर्जंट निवडावा आणि ते कसे धुवावेत?

तुमचे बाळ पाच महिन्यांचे आहे, त्याचे कापडी डायपर तुम्ही लहान मुलांच्या कपड्यांसाठी मिळणाऱ्या सौम्य लिक्विडने, तेही हात राखून घालून, धुता, आणि तरीही सकाळी डायपर सोडताच नाकाडोळ्यांना झोंबणारा वास येतो. शिवाय अलीकडे ते मांडीच्या बाजूने गळू लागले आहेत. याहून सौम्य काय वापरावे आणि कपडा मऊ राहावा म्हणून फॅब्रिक कंडिशनर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. आमची दोन्ही मुले कापडी डायपरवर वाढली आणि ते धुण्याचे काम सर्वस्वी माझ्याकडे होते, म्हणून थोडे ठामपणे सांगतो: याहून सौम्य काही शोधू नका. चांगला दमदार डिटर्जंट घ्या, तो पुरेसा घाला आणि मग कपड्यातून पूर्ण निघेपर्यंत विसळा.

असे का, ते त्या वासावरून कळते. ताज्या लघवीला अमोनियाचा वास जवळजवळ नसतोच. लघवीत युरिया असतो आणि जिवाणू त्याचे विघटन करू लागले की अमोनिया तयार होतो. रात्रभर, दहा-बारा तास घातलेल्या डायपरला सकाळी थोडा वास येणे स्वाभाविक आहे. पण डोळ्यांत पाणी येण्याइतका उग्र वास येत असेल किंवा धुऊन वाळवलेला डायपर बाळाने पहिल्यांदा ओला करताच वास मारू लागत असेल, तर आधीच्या धुण्यातली लघवी आणि जिवाणू कपड्यात तसेच राहिले आहेत असे समजावे. त्वचेच्या दृष्टीनेही हे वाईट, कारण अमोनियामुळे डायपरच्या आतला अल्कधर्मीपणा वाढतो आणि अशा वातावरणात शीमधली पाचक द्रव्ये अधिक सक्रिय होऊन त्वचेला चावतात. सौम्य डिटर्जंट कमी घातला म्हणजे बाळाची त्वचा जपली गेली, हा समज त्यामुळे उलटा ठरतो. लहान मुलांचे म्हणून विकले जाणारे बरेचसे लिक्विड दुधाचे डाग पडलेली झबली धुण्यापुरते बरे असते. दिवसभर लघवी शोषणाऱ्या चार-सहा पदरी कापडासाठी त्याची ताकद कमी पडते.

निवड करताना ब्रँडपेक्षा पाकिटामागचा मजकूर वाचणे अधिक उपयोगी पडते. डिटर्जंटमध्ये मळ सोडवणारी द्रव्ये तर असतातच. त्यांच्या जोडीला पाण्यातले क्षार आवरणारे घटक, म्हणजे सोडियम कार्बोनेट, झिओलाइट किंवा सायट्रेट यांपैकी काही आहे का ते पाहावे, आणि एन्झाइम आहेत का तेही पाहावे. प्रोटिएज हे एन्झाइम प्रथिनांचे डाग तोडते आणि लायपेज स्निग्ध डाग तोडते. शीमध्ये दोन्ही असतात. एन्झाइमचे नाव वाचून अनेक पालक पाकीट परत ठेवतात, पण ही द्रव्ये पाण्यात विरघळतात, नीट विसळल्यावर पाण्याबरोबर निघून जातात आणि डायपर साफ करण्याचे बरेचसे काम तीच करतात. ती साधारण 40 ते 60 अंश सेल्सिअसला उत्तम चालतात, त्यामुळे पावडरवर उकळते पाणी ओतू नये. त्याने ती निकामी होतात.

लिक्विड की पावडर, असे विचाराल तर माझे मत पावडरकडे झुकते. अनेक पावडरींमध्ये ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, असते आणि ते गरम पाण्यात डाग व वास दोन्ही उतरवते. लिक्विडमध्ये ते टिकत नसल्याने सहसा घातलेले नसते. पाणी थंडच वापरायचे असेल, तर पावडर आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावी, नाहीतर तिचे कण कपड्याच्या पदरांत अडकून बसतात. सुगंध मात्र शक्यतो नकोच. त्वचेची ॲलर्जी होण्यामागे सुगंधी द्रव्ये हे एक नेहमीचे कारण असते आणि सुगंधाआड लघवीचा उरलेला वास झाकला गेला की धुणे नीट झाले की नाही हे नाकाला कळत नाही. साबणाच्या वड्या, घरी किसून केलेली साबणपूड आणि रिठे यांची भलामण तुम्ही ऐकली असेल. रिठ्यातल्या सॅपोनिनला फेस येतो, पण इतका मळ पेलण्याची ताकद त्याच्यात नसते. आणि साबणाची क्षारयुक्त पाण्यात जी चिकट साय तयार होते, ती धाग्यांवर बसून कपड्याची शोषणक्षमता घालवते.

यावरून पाण्याचा मुद्दा आला आणि माझ्या मते निम्मे उत्तर त्यातच आहे. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असले की डिटर्जंटचा मोठा वाटा त्या क्षारांशी झुंजण्यातच खर्ची पडतो आणि मळाच्या वाट्याला थोडासाच उरतो. तुमच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल किंवा नळाच्या तोटीवर खरखरीत पापुद्रा येत असेल, तर पाणी जड आहे असे धरून चाला. मोजायचे असेल तर चाचणीच्या पट्ट्या मिळतात: लिटरमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत क्षार असलेले पाणी मृदू, 120 च्या पुढे जड आणि 180 च्या पुढे फार जड मानले जाते. जड पाण्यात पाकिटावर त्यासाठी दिलेले मोठे प्रमाण वापरावे आणि सोबत धुण्याचा सोडा घालावा. हा सोडा स्वयंपाकातल्या सोड्याहून वेगळा आणि बराच तीव्र असतो, तेव्हा हातमोजे घालूनच तो हाताळावा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

आता धुण्याची पद्धत. ओले डायपर बंद डब्यात कोंडू नयेत. हवा खेळेल अशा जाळीच्या टोपलीत टाकावेत आणि दोन दिवसांच्या पुढे साठवू नयेत. पाण्याने भरलेल्या बादलीत ते भिजत ठेवण्याची पद्धत मला अजिबात पसंत नाही. त्या पाण्यात जिवाणूंची चंगळ होते, इलॅस्टिक लवकर सैल पडते आणि मुख्य म्हणजे रांगणाऱ्या बाळासाठी काही सेंटिमीटर पाणीही जीवघेणे ठरू शकते. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सहज विरघळते, पण वरचे खाणे सुरू झाले की ती आधी शौचालयात झटकून किंवा पाण्याच्या जोरदार धारेने पाडून टाकावी लागते. त्या वेळी मांडीभोवतीच्या चुण्या दोन्ही हातांनी ताणून पाहाव्यात; वरून स्वच्छ दिसणाऱ्या डायपरमध्येही इलॅस्टिकच्या शिवणीत पिवळसर रेघ दडून बसते आणि पुढे वास तिथूनच येतो.

मशीनमध्ये दोन टप्पे हवेत. पहिला टप्पा थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात, अर्ध्या प्रमाणात डिटर्जंट घालून, सुमारे अर्ध्या तासाचा. सुरुवातीलाच कडकडीत पाणी घातले तर प्रथिनांचे डाग धाग्यात पक्के बसतात. हे घाण पाणी पूर्ण निघून गेले की दुसरा, खरा धुण्याचा टप्पा: सर्वांत लांब चालणारा कार्यक्रम, कपड्याच्या पट्टीवर परवानगी असेल तर 60 अंश तापमान आणि खूप मळलेल्या कपड्यांसाठी सांगितलेले पूर्ण प्रमाण. जलरोधक कव्हरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो आणि अति उष्णतेने तो सुटू लागतो, म्हणून पट्टीवरचा आकडा ओलांडू नये. ड्रम साधारण पाऊण भरलेला असावा. गच्च भरला तर कपड्यांना हलायला जागा उरत नाही आणि अगदी रिकामा असेल तर ते एकमेकांवर घासलेच जात नाहीत. डायपर कमी असतील तेव्हा या दुसऱ्या टप्प्यात बाळाची झबली, दुपटी, छोटे टॉवेल घालून भर करता येते. हाताने धुणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा: आधी थंड पाण्यात खळबळून पिळणे, मग डिटर्जंटच्या कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवून चोळणे, आणि शेवटी विसळणे.

विसळणे किती, याचा अंदाज फेसावरून येतो. धुतलेला एक जाड पॅड, म्हणजे डायपरमधला लघवी शोषणारा भाग, स्वच्छ पाण्याच्या पसरट भांड्यात बुडवून दोन-तीनदा पिळून पाहा. पाणी बुळबुळीत लागले आणि वर टिकाऊ फेस धरला तर डिटर्जंट शिल्लक आहे, आणखी विसळा. फेस नाही, पण पाणी गढूळले आणि वास आला, तर मळ शिल्लक आहे. अशा वेळी विसळण्याच्या फेऱ्या वाढवून उपयोग नाही, पुढच्या धुण्यात डिटर्जंटच वाढवावा लागेल. जड पाण्यात गरजेपेक्षा जास्त विसळल्याने क्षार पुन्हा कपड्यावर बसतात, तेव्हा साधारण दोन पाण्यांत काम व्हावे असे प्रमाण जुळवून घ्यावे.

गळण्याचे कारण शोधायला पाण्याचा एक थेंब पुरतो. वाळलेल्या पॅडवर तो टाका. लगेच मुरला तर कापड ठीक आहे. पदर कमी पडत असतील किंवा मांडीजवळ डायपर सैल बसत असेल. थेंब मण्यासारखा गोल उभा राहिला तर धाग्यांवर काहीतरी थर बसला आहे, आणि तो बहुधा पुरळासाठीच्या जाड मलमाचा, व्हॅसलीनसारख्या जेलीचा किंवा साबणाच्या सायीचा असतो. मलम लावायचेच असेल तेव्हा मध्ये एक सुटे कापड घालावे आणि ते वेगळे धुवावे. अगदी नव्या सुती किंवा हेंपच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांच्या) कापडावरही थेंब असाच थांबतो, कारण त्यातली नैसर्गिक मेणे आणि तेले निघायला काही धुणी जावी लागतात.

क्लोरीनचे ब्लीच नेहमीच्या धुण्यात नको. त्याने इलॅस्टिक आणि कव्हरचा थर दोन्ही खराब होतात. दुसऱ्याचे वापरलेले डायपर घेतले असतील किंवा डॉक्टरांनी पुरळ बुरशीचे असल्याचे सांगितले असेल, तर बाटलीवरच्या प्रमाणात ते एखाद्या वेळी वापरता येते, पण डायपर आधी पूर्ण धुऊन घेतल्यावरच, कारण अमोनियाशी किंवा व्हिनेगरशी संबंध आला की ब्लीचमधून विषारी वायू निघतात. लालसर, कडांशी बारीक पुटकुळ्या असलेले पुरळ दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, तर डिटर्जंट बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. पिवळ्या डागांची काळजी मात्र करू नका. पॅड ओला असतानाच उन्हात घातला की ते फिके पडतात. कव्हर सावलीत वाळवावे.

राहिला फॅब्रिक कंडिशनर, तर तो अजिबात नको. त्यातली द्रव्ये धाग्यावर पातळ स्निग्ध आवरण चढवतात. कापड मऊ लागते ते त्यामुळे आणि पाणी शोषेनासे होते तेही त्यामुळेच. वाळून कडक झालेला सुती पॅड दोन्ही हातांत धरून चांगला चुरगळला आणि झटकला की पुरेसा मऊ होतो. त्यानंतरही तो पुठ्ठ्यासारखा ताठ राहत असेल, तर ते जड पाण्याचे लक्षण आहे. पुढच्या धुण्यात पावडर आणि धुण्याचा सोडा वाढवून पाहा.