लूपमध्ये इतक्या प्रॉपर्टी जोडल्या, मग ऑब्जेक्टमध्ये एकच का दिसते?

तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये दहा माशांचे दर लूपमधून (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमधून) भरले, तरी ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्यात, 'मासा' नावाची एकच प्रॉपर्टी (एकच जोडी) आणि तिच्यात शेवटचा दर, असं म्हणताय. लूप बरोबर आहे. घोळ टिंबाचा आहे.

मीही हेच केलं होतं. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो, त्यातले दर काकांच्या खानावळीच्या वेबसाइटवर टाकायचे होते. ऑब्जेक्टचं नाव दर, आणि मासा, भाव हे व्हेरिएबल, म्हणजे फेरीगणिक बदलणाऱ्या किमतींची नावं.

दर.मासा = भाव;

असं लिहिलं की मासा या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते जावास्क्रिप्ट बघतच नाही. टिंबापुढचा शब्द हेच नाव. मग प्रत्येक फेरीला त्याच नावावर नवा भाव चढतो.

दर[मासा] = भाव;

चौकटी कंसात आधी आतली किंमत काढली जाते. मासा मध्ये 'सुरमई' असेल तर भाव सुरमई नावाच्या प्रॉपर्टीत जातो, ती नसली तर तिथल्या तिथे तयार होते. नाव आधीच ठाऊक असेल तर दर.सुरमई पुरे. पण 'सुका बांगडा' मध्ये जागा सुटलीय, तिथे दर['सुका बांगडा'] असंच लिहावं लागतं. (हो, नावं देवनागरीत चालतात. आकडे नाही. ८०० लिहिलंत तर सिंटॅक्स एरर, 800 च हवं.)

वाचताना नसलेली प्रॉपर्टी मागितली तर एरर येत नाही, गपचूप अनडिफाइन्ड, म्हणजे 'किंमतच नाही', मिळतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आमच्याकडे 'पापलेट: अनडिफाइन्ड रुपये' झळकत होतं, काकांनी फोन करून झापलं. तिथे दर.पापलेट ?? 'आज नाही' लिहा, म्हणजे दर नसेल तेव्हा 'आज नाही' दिसेल.

आता, तुम्ही मराठी नावं वापरताय म्हणून सांगतो, माझा खरा जीव काढला तो तिसऱ्यांनी (शिंपल्यांनी). कन्सोलमध्ये दर समोर दिसतोय आणि दर['तिसऱ्या'] म्हटलं की अनडिफाइन्ड! शेवटी साठवलेला आणि मी टाइप केलेला, दोन्ही शब्दांची लेंग्थ (आत किती चिन्हं आहेत ती संख्या) काढली. एकाची ७, दुसऱ्याची ८. 'ऱ' हे एकच अक्षर म्हणूनही साठवता येतं, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असंही. डोळ्यांना फरक कळत नाही, जावास्क्रिप्टच्या लेखी त्या दोन वेगळ्या प्रॉपर्टी. म्हणून नावावर आधी नॉर्मलाइझ मेथड चालवा, ती दोन्ही रूपं एकसारखी करते, भरतानाही आणि वाचतानाही. काही जण 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून 'ऱ्य' टाइप करतात. त्याला नॉर्मलाइझ हात लावत नाही, तिथे रिप्लेसच करावं लागतं.