वेल्ह्यात वडिलोपार्जित 4 एकर डोंगरउतार आहे. विकायचा नाही, निसर्गासाठी राखायचा आहे. जेसीबीने सपाट करून हजार झाडं लावू का?

जेसीबी अजिबात नको. आणि पहिल्या पावसाळ्यात झाडंही लावू नका. वेल्ह्यात (पुणे जिल्ह्यातला हा तालुका आता राजगड तालुका म्हणतात) कातळावर मातीचा थर पातळ असतो. उतार एकदा उकरला की ती माती ओढ्यातून थेट धरणात जाते.

शिवाय झाडं तिथे बहुधा आहेतच. रानात जरा वाकून बघा. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांचे तोडलेले बुंधे सापडतील. त्यांना पावसाळ्यात फुटवे येतात. मग उन्हाळ्यात वणवा जाळतो, नाहीतर गुरं खुडतात. खाली जुनी मुळं शाबूत असतात, त्यामुळे नुसतं राखलं तरी हे फुटवे नर्सरीच्या रोपांपेक्षा झपाट्याने वाढतात आणि टँकरचं पाणी मागत नाहीत. एका बुंध्यावर सात-आठ फुटवे असतील तर जोमदार दोन ठेवा. लवकर हिरवं दिसतं म्हणून गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

खरं काम वणव्याचं आहे. गवत वाळलं की संक्रांतीच्या आत हद्दीने दहा-बारा फूट रुंद पट्टा कापून साफ करा. आतलं गवत शेजारच्या शेतकऱ्यांना कापून न्यायला सांगा, पैसे घेऊ नका. पुढच्या वर्षी गवत चांगलं फुटावं म्हणून लोक रान पेटवतात, त्यात वैर नसतं. पण ज्याच्या म्हशीचा चारा तुमच्या रानात उभा आहे, तो धूर दिसला की तुमच्या आधी तिथे पोचतो. पुण्यात बसून तुम्ही कितीही तारा ठोकल्या तरी हे जमणार नाही. गुरांची जुनी पायवाटही अडवू नका.

(हीच जमीन बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे असती तर झाडं कधीच लावू नका म्हटलं असतं. तिथली माळरानं चिंकारा आणि लांडग्यांची आहेत, मयूरेश्वर अभयारण्य त्यासाठीच आहे.)

कागदांचं मात्र आत्ताच बघा. मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या, सातबाऱ्यावरच्या सगळ्या भावंडांशी बोला. एकाने जरी परस्पर झाडं ठेकेदाराला दिली तरी वीस वर्षांचं रान आठवड्यात जातं. तुमच्या पश्चातही ते टिकावं असं वाटत असेल तर वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव' ही सोय आली आहे. खासगी जमीनमालक स्वेच्छेने त्यात येऊ शकतो. नंतर तिथला जमीनवापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. 4 एकरांसाठी एकट्याने धावपळ करण्यापेक्षा आजूबाजूचे खातेदार सोबत घ्या. गवताच्या निमित्ताने ओळख झालेलीच असेल, तिथूनच बोलणं सुरू करा.